कुलदीपची झोप

“पोराला गाढ झोपवा. जागं असताना ही तपासणी होत नाही,” कान तपासणाऱ्या समता मॅडम म्हणाल्या आणि मनकर्णाबाईंचा जीव अर्धा तरी भांड्यात पडला. नातवाला झोपवण्यात अख्ख्या अमडापुरात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दवाखान्याने सांगितलं म्हणून सून अनुपमाने कुलदीपला पहाटेपासून जागं ठेवलं होतं. वर्षाचं पोर रडून रडून लाल झालेलं. मनकर्णाबाईंनी त्याला छातीशी गच्च आवळलं, डोकं हनुवटीखाली घेतलं आणि पाळणा म्हणायला लागल्या. दोन कडवी होतात न होतात तोच पोर झोपलं.

“पाह्य, ऐकूनच झोपला ना?” त्या सुनेला म्हणाल्या. “मागून ताट वाजवलं तर पाह्यत नाई म्हणून तू उगाच जिवाले घोर लावला. पोरगं बापावर गेलं, हट्टी हाये.”

गेले कित्येक महिने अनुपमा घरात ताटंच वाजवत होती.

समता मॅडमनी पोराच्या कपाळाला आणि कानांमागे चकत्या चिकटवल्या, तारा मशीनला जोडल्या, कानांत मऊ बुचं बसवली. “दुखत नाही, आजी. आम्ही कानात आवाज सोडतो. तो आत पोचला की पडद्यावरच्या रेषेला उंचवटे येतात.”

रेषा जराशी थरथरली. “ऐकलं त्यानं!” मनकर्णाबाई म्हणाल्या. मॅडमनी नकारार्थी मान हलवली आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. उंचवटा काही येईना. मनकर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. देवा, एकदा तरी उंचवटा उठू दे, एवढंच त्या म्हणत होत्या.

शेवटी मॅडमनी खुर्ची वळवली. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येतं, आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी दोन्ही कानांना मशीन, सोबत बोलण्याचे धडे. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन.

“बोलन ना मंग तो?” अनुपमाने विचारलं.

“बोलू शकेल. मेहनत मोठी आहे, पण तुम्ही लवकर आलात.”

“खोटं हाये!” मनकर्णाबाई उसळल्या. “माह्या गाण्याबिगर डोळा मिटत नाई त्याचा. आत्ता तुमच्यासमोर झोपला!”

मॅडमनी वाद घातला नाही. “जागा झाला की जरा लांब धरून म्हणा, आजी,” एवढंच म्हणाल्या.

चकत्या काढताना कुलदीप जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं. मनकर्णाबाईंनी त्याला समोर हातभर अंतरावर धरलं आणि तोच पाळणा म्हटला. पोर रडतच राहिलं. त्यांनी आवाज चढवला, तशी बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. पोर रडतच राहिलं. मग त्यांनी त्याला पुन्हा छातीशी घेतलं. गाल छातीच्या हाडाला टेकला आणि तो गप्प झाला. मनकर्णाबाई गाताना थांबल्या, तर पुन्हा कुरकुरला.

वर्षभर पोराला कळत होती ती नुसती छातीतली थरथर. अनुपमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आता सासूबाई रडतील असं तिला वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर भलतीच धास्ती होती.

“मॅडम,” मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, “मशीन लावल्यावर माहा आवाज पयल्यांदाच ऐकन ना तो?”

“हो, आजी.”

“लय घोगरा हाये वो माहा आवाज. आवडन काय त्याले?”