राजाबाईची भोवळ

डॉक्टरांनी राजाबाईचं डोकं दोन्ही हातांत धरलं, डावीकडे वळवलं आणि तिला झटक्यात मागे टेबलावर निजवलं. छत, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं गरगर फिरायला लागलं.

"मेले गं माय!" तिनं डॉक्टरांची बाही गच्च धरली.

"डोळे मिटू नका, मावशी. माझ्या नाकाकडे बघा." तरणे डॉक्टर तिच्या डोळ्यांत वाकून बघत होते आणि हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा खुलला होता. "सापडलं! डाव्या कानातच आहे."

मग त्यांनी ते डोकं सावकाश उजवीकडे वळवलं, थोडं थांबले, तिला कुशीवर करून तोंड जमिनीकडे करायला लावलं, पुन्हा थांबले आणि शेवटी उठवून बसवलं. इतका वेळ तिचं डोकं कुणी हातात धरलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर तो होता तेव्हाही नाही.

थोड्या वेळानं त्यांनी तिला पुन्हा तसंच झटक्यात निजवलं. या वेळी छत जागच्या जागी राहिलं.

"फिरतंय काही?"

"नाय."

"कानाच्या आत, पार खोल, पाण्यानं भरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात," डॉक्टर खुशीत येऊन सांगायला लागले. "डोकं वळलं की ते पाणी हलतं, त्यावरून आपल्याला कळतं आपण कुठे वळलो. शेजारीच साखरेच्या कणाहून बारीक खडे असतात. तुमचे थोडे सुटून नळीत शिरले होते. डोकं थांबलं तरी खडे घरंगळत राहायचे अन् पाणी हलवायचे. कान म्हणायचा बाई फिरतेय, डोळे म्हणायचे नाही. त्या भांडणाची ही चक्कर. आता खडे नळीतून बाहेर काढलेत. संपलं."

"संपलं म्हंजी?"

"संपलं म्हणजे संपलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही."

अशा वेळी पेशंट हात जोडतात. राजाबाई आपल्या पायांकडे बघत बसली.

"सोबत कुणी आलं नाही?"

"नाय."

कुणाला आणणार? शेंद्र्याजवळच्या तिच्या वस्तीच्या लेखी ही चक्कर नव्हतीच मुळी. पाच महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, मरीआईच्या पाया पडून तिनं मान वर केली आणि देऊळच फिरायला लागलं. ओटा धरून ती डोलू लागली, डोळे भिरभिरले, आणि शेजारची सरूबाई ओरडली, "आई आली! राजाबाईच्या अंगात आई आली!" बायांनी तिचं कपाळ हळदी-कुंकवानं भरून टाकलं. बायांनो, मला गरगरतंय, असं ती सांगणारच होती. पण सरूबाईनं तिचे पाय धरले होते. बांधाच्या भांडणावरून अकरा वर्षं न बोललेली सरूबाई तिच्या पायांवर रडत म्हणत होती, "सांग, आई, माह्या पोरीचं कसं व्हईल?"

"व्हईल बरं," राजाबाई म्हणाली. एवढंच. यात खोटं काय म्हणावं? भोवळ तर खरी होती.

तेव्हापासून दर मंगळवारी ती देवळात वाकायची आणि भोवळ यायची. मग बाया तिला धरून घरी आणायच्या. कुणी हंडा भरून ठेवायची, कुणी भाकरी-कालवण आणायची, दिवेलागणीपर्यंत ओसरी गजबजलेली असायची. बाकीचे सहा दिवस अंथरुणावर कूस बदलली तरी तेच गरगरणं, पण ते बघायला घरात चिटपाखरूही नसायचं. मागच्या रविवारी माळ्यावरचं सरपण काढायला तिनं मान वर केली आणि ती चुलीवर आपटली. संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. कुणी आलं नाही. तेव्हा ती घाबरली, रेशनच्या कागदासाठी जाते म्हणून सांगून रिक्षात बसली आणि सिडकोतला हा दवाखाना तिनं विचारत विचारत गाठला.

आता चार दिवसांनी ती देवीपुढे वाकेल, मान वर करेल आणि काहीच होणार नाही. बाया थोडा वेळ वाट बघतील, मग एकेक करून उठतील. सरूबाई सगळ्यात शेवटी उठेल. उगीच डोलून दाखवणाऱ्या बाया राजाबाईनं जत्रेत पाहिल्या होत्या, पण ते सोंग तिला सात जन्मांत जमलं नसतं. चुलीवर आपटली तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती तिला या खुर्चीवर बसल्या बसल्या वाटली.

"बरं, थोडं जपायचं मात्र," हात धुता धुता डॉक्टर म्हणाले. "दोन-चार दिवस डाव्या कुशीवर झोपू नका. झटक्यानं मागे टेकू नका. नाहीतर खडे परत सुटतात कधीकधी."

राजाबाईनं मान वर केली.

"परत सुटत्यात?"

"सुटतात काहींचे. घाबरू नका."

"कोणच्या कुशीवर म्हणलात, डाक्टरसाहेब?"

"डाव्या. कागदावर लिहून देऊ?"

"नगं. माह्या ध्यानात ऱ्हाईल."

पेशंट सहसा अर्धं ऐकतात आणि अर्धं विसरतात. ही बाई मात्र ओठ हलवून पाठ करत होती. डॉक्टरांना बरं वाटलं.

"सांगा बघू मग, काय लक्षात ठेवायचं?"

"डावी कूस," राजाबाई पदर सावरत उठली. "आन् झटक्यानं."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.