एकाहत्तरावा मीटर

१९ ऑगस्ट, सकाळचे १० वाजून ४० मिनिटे, नोंद क्रमांक ७०. कड्यावरच्या भोकात सत्तर मीटर खोल उतरलेल्या सेन्सरने ४.६ अंश दाखवले. विंचवर मामा होते, वहीवर त्यांची भूगर्भतज्ज्ञ भाची. मामांनी केबल आणखी एक मीटर सोडली.

"किती?"

"१.२!" भाची ओरडलीच. "मामा, १.२! सापडली भेग!"

खडक खोलवर उबदार होत जातो. तो एकाएकी गारठला, याचा अर्थ तिथल्या भेगेतून हिमनदीचे वितळलेले पाणी वाहत होते. हिमनदी आजवर या कड्याला टेकून होती. ती मागे हटली, तिचा दाब गेला, खडकातला ताण सैल झाला आणि भेगा उघडल्या. आता रोज दुपारी ऊन तापले की त्यांत पाणी चढे आणि कड्याला आतून बाहेर रेटी. परवा कडा चार मिलिमीटर सरकला होता, काल सहा. एका दिवसात आठ झाले की खालची तेवीस घरांची वस्ती कायमची रिकामी करण्याचा हुकूम होता. त्यांतले एक घर भाचीच्या आईचे, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचे. भेग नेमकी कुठे आहे ते कळले, तर पायथ्यातून तिच्यापर्यंत भोक पाडून पाणी बाहेर काढता येणार होते.

"सेन्सर बिघडला नाही ना? थांब, पुन्हा बघू," म्हणत मामांनी केबल वर ओढली.

"नका मामा, वर नका!"

तोवर पाच मीटर केबल वर आली होती. शंका आली की रॉड मागे घ्यायचा, ही भोके पाडण्यात आयुष्य गेलेल्या हातांची सवय. तापमान मात्र सेन्सर खाली सोडतानाच मोजायचे असते. वर ओढला की भोकातले पाणी ढवळते. पुन्हा सोडल्यावर सेन्सरने एकोणसत्तर, सत्तर आणि एकाहत्तर, तिन्ही ठिकाणी ३.१ दाखवले.

"आता पाणी स्थिरावायला दोन दिवस," ती म्हणाली.

"आणि ऊन दोन तासांत डोक्यावर." मामांचा चेहरा उतरला. "घातला ना मी घोळ! आता कुणाच्या भरवशावर मशीन चालवू?"

"माझ्या. आकडा मी या डोळ्यांनी पाहिलाय."

"सत्तर की एकाहत्तर? नीट आठव, पोरी. खडक फोडायचा बिट एकच उरलाय. एकच भोक पडेल."

"एकाहत्तर."

"आणि पाणी नाही लागलं, तर तुझ्या आईला कोण सांगणार?"

"तुम्ही. धाकटा भाऊ तुम्ही."

"त्यापेक्षा कडा अंगावर घेतलेला परवडला," म्हणत मामा हेल्मेटचा पट्टा आवळून उतरणीला लागलेसुद्धा.

कड्याच्या पायथ्याशी, रस्त्यालगत, दुसरे मशीन सज्ज होते. भाचीने कोनाचे गणित दोनदा केले. मामांनी ते तिसऱ्यांदा तपासले. बारा अंश चढ, भेगेपर्यंत चव्वेचाळीस मीटर. ११ वाजून ३५ मिनिटांनी बिटने खडक धरला. रॉडमागून रॉड आत गेला. बाहेर नुसती करडी, कोरडी भुकटी येत राहिली. चाळीस मीटर. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

भुकटी कोरडीच.

"थांबवू नका, मामा!"

"थांबवतोय कोण! दातओठ खाऊन चालवतोय!"

पंचेचाळिसाव्या मीटरला यंत्राचा ठणठणाट अचानक दबला. रॉड आपोआप वीतभर पुढे सरकला. मामांनी भाचीला दंडाला धरून बाजूला खेचले, आणि भोकातून पाण्याचा लोट असा सुटला की रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या कठड्यावर आदळला. मामांनी त्यात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"अगं, बोटं गळून पडतील! घाल, घाल, तूही हात घाल!"

तिने दोन्ही हात घातले. कोपरापर्यंत. काढेचना.

दुपारभर ऊन तापले, पाणी गर्जत राहिले. संध्याकाळी सहाला दोघे कडा किती सरकला ते मोजणाऱ्या खांबापाशी गेले. मामांनी चष्मा पुसला. तिने पडद्यावरची धूळ झाडली आणि आकडा मोठ्याने वाचला.

दिवसभरातली सरक: दीड मिलिमीटर.