यमुनेपेक्षा मोठं नाव

"गोंदलेलं नाव चितेपर्यंत सोबत येतं, पोरी." लहानपणी ऐकलेला गोंदणारणीचा तो आवाज तिच्या मनातून गेलाच नव्हता. नवऱ्याच्या मनगटावर 'यमुना' होती. तिच्याशी ठरलेली त्याची सोयरीक लग्नाआधीच मोडली, नाव तेवढं राहिलं. तो जेवायला बसला, की ताटाआधी तिला तेच दिसायचं.

आज दवाखान्यातही तो शेजारीच होता. "तापच आहे हिला, सिस्टर. गोळी द्या, निघतो."

"ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी. एचआयव्हीच्या सुरुवातीलाही असं होतं. नुसतं बघून कळत नाही, रक्त तपासावं लागेल. अलीकडे कुणाची वापरलेली सुई टोचली होती का, ताई?"

"नाही," ती पटकन म्हणाली. नवऱ्यासमोर यमुनेवरची आपली जळजळ उघडी पडायला नको होती. त्याने तिच्या खांद्यावर शाल ओढली, तशी यमुना तिच्या गालाला घासून गेली. आता मात्र तिला राहवलं नाही.

"गेल्या महिन्यात जत्रेत गोंदवलं, सिस्टर. आधीच्या बाईची सुई तशीच मला टोचली. खांद्यावर, झंपराखाली. यांचं नाव तोंडानं घेत नाही मी, पण यमुनेपेक्षा मोठं काढ म्हटलं. घ्या रक्त."