मारुतीचा शेंदूर

घाटनांदूरची शिवकन्या मोमिनाबादेत मंजुळाबाईंकडं गाणं शिकायला राहिली, त्याला सात वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं ती झोपेतही गात असायची. आता तंबोरा नुसता जुळला तरी ती कानांत बोटं घालायची. "बाई, महिनाभर तरी घरी जाऊ द्या," म्हणून तिनं तीनदा पाय धरले. तिन्ही वेळा मंजुळाबाई लंगडत येऊन समोर बसल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सा लाव."

शेंदूर पोटात गेला की गळा कायमचा बसतो, हे गाणाऱ्यांच्या घरात शेंबडं पोरही जाणतं. मंजुळाबाईंचा गळा तसाच गेलेला. कुणा जळणारीनं विड्यातून शेंदूर चारला, असं सगळं गाव सांगायचं.

शनिवारी शिवकन्येनं वेशीतल्या मारुतीचा शेंदूर नखांनी खरवडला आणि डोळे मिटून गिळला. मंगळवारी बोचकं बांधून ती निरोप घ्यायला आली.

"बाई, गळा गेला माझा. कुणीतरी शेंदूर चारला."

मंजुळाबाईंनी तिचा हात उलटा करून नखं बघितली.

"मी बी गावाला हेच सांगितलं व्हतं. मारुतीबी ह्योच," त्या म्हणाल्या आणि पेटीतून आपले जुने चाळ काढून तिच्या पायांशी ठेवले. "आता नाच शिक. आन् पाय मोडून घिऊ नको, पोरी. तेबी करून बघितलं मी. मंग शिकवायला बसवतात."