अक्काताईचं सोवळं

राजाबाई पाटावर बसल्या त्या पाय वर घेऊनच. भुरे केस सगळीकडं होते. उंबऱ्यावर, घोंगडीवर, अगदी चुलीच्या आडोशालासुद्धा.

"काय ही दशा गं बाई," त्या म्हणाल्या. "दिवाळीत तुझा निरोप मिळाला तवाच येणार हुते. पर मागनं तंबाखूची सुगी आली, हात मोकळाच झाला न्हाई. आता आलेय. बोचकं बांध, तीनच्या मोटारीनं निपाणीला जाऊ."

पुरणाची पोळी लाटता लाटता अक्काताईचा हात थांबला.

निरोप तिनंच धाडला होता, हे काही खोटं नव्हे. नवरा गेल्यावर ती निपाणीचं सासर सोडून इथं वडगावला भावाकडं राहायला आली. भाऊ सिद्राम विणकर, त्याचीही बायको वारलेली. घरात एक माग आणि भुऱ्या नावाचं एक कुत्रं. आणि अक्काताईचं सोवळं म्हणजे साऱ्या निपाणीत नाव! जळणाची लाकडंसुद्धा धुऊन, वाळवून चुलीत घालणारी बाई ही. तिच्या भाकरीच्या पिठात पहिल्याच दिवशी भुऱ्याचा केस निघाला. त्या दिवशी तिनं उपास काढला आणि दुसऱ्या दिवशी जावेला, म्हणजे या राजाबाईंना, सांगावा धाडला, या घरात माणसानं राहायची सोय नाही, मला घेऊन जा.

आता चैत्र लागला होता. मधल्या काळात काय काय झालं ते तिचं तिला ठाऊक. आधी भुऱ्या शिवला की आंघोळ. मग नुसते हातपाय धुणं. मग डोळ्याला पाण्याचं बोट लावलं तरी भागायला लागलं. हल्ली तर केस दिसला तरी ती दुसरीकडं बघायची. पण हे जावेला कोणत्या तोंडानं सांगणार?

"देवीचा निवद हुंदे आदी," ती पुटपुटली.

शुक्रवार होता. चौंडेश्वरीला पुरणाचा नैवेद्य दाखवायचा होता आणि त्यासाठी अक्काताई सोवळ्यात होती. अशात कुणी शिवलं की आंघोळीपासून सगळं पुन्हा करायचं.

पुरणाच्या वासानं भुऱ्या मागाच्या खड्ड्यातनं वर आला. सिद्रामच्या पायाशी, तिथंच त्याची झोपायची जागा. तो सैपाकघराच्या दारात उभा राहिला आणि शेपूट हलवायला लागला.

राजाबाई बघत होत्या. अक्काताईनं होता नव्हता तेवढा आवाज चढवला. "हाड! हाड म्हणते न्हवं!"

आता गंमत अशी, की सगळा हिवाळा अक्काताई भुऱ्याला हाड हाडच करत आली होती. भावानं ऐकावं म्हणून तोंडानं हाड, आणि हातात भाकरीचा तुकडा. हाड म्हटलं की जवळ जायचं, एवढंच त्या मुक्या जनावराला कळलेलं. तो तडक आत आला आणि तिच्या सोवळ्याच्या लुगड्यावर मान टाकून आरामात पसरला.

"शिवलं," राजाबाई म्हणाल्या. "ऊठ, पुन्ना आंघोळ कर. निवद नव्यानं कर. आन् मग हितं एक घडी थांबायचं न्हाई."

मागाचा आवाज थांबला. सिद्राम दारात येऊन उभा राहिला. बहीण आल्यापासून त्याच्या घरात वेळेवर दिवा लागत होता, चूल पेटत होती. ती गेली तर ते सगळं बंद होणार होतं.

"आक्का, तू जाऊ नगंस," तो म्हणाला. "भुऱ्याला आजच्या आज कंग्राळीला न्हेतो, माझ्या दोस्ताच्या, भरमूच्या शेतावर. ऱ्हाईल तितं राखणीला. तुझ्यापरास कुत्रं मोठं न्हाई मला." बोलताना तो कुत्र्याकडं बघत नव्हता.

"भाऊ असावा तर असा," राजाबाई म्हणाल्या. "सुटलीस की गं."

अक्काताई पेचात पडली. गप्प राहावं तर भुऱ्या जाणार. बोलावं तर जन्मभर कमावलेलं नाव जाणार. भुऱ्याला यातलं काय कळतंय? त्यानं डोळेसुद्धा मिटले होते. त्याच्या अंगाची ऊब लुगड्यातनं मांडीला लागत होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं.

"शेतावर त्याला न्हाऊ कोण घालणार?" ती म्हणाली.

"कुत्र्याला?" राजाबाईंनी विचारलं.

"रोज न्हातोय त्यो." परातीकडं बघत अक्काताईनं एका दमात सांगून टाकलं. "शिकेकाई लावून. हिरीवर, सिद्राम उठायच्या आदी. त्याचं झालं की मग मी न्हाते आन् सोवळं नेसते. म्हणून शिवला तरी चालतंय मला."

सिद्रामनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. "तरीच शिकेकाई पुरत न्हाई," एवढंच म्हणून तो परत मागाकडं गेला.

राजाबाईंनी एकदा कुत्र्याकडं बघितलं, एकदा जावेकडं.

"म्हंजे मोटारीत मी एकलीच बसायची," त्या शेवटी म्हणाल्या.

"पोळी खाऊन जावा."

"खाते. आदी पाणी दे वाईच. घसा सुकला माझा."

अक्काताईनं भुऱ्याची मान हळूच बाजूला केली. हंड्यातनं तांब्या भरून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, चिमटीनं आतलं काहीतरी काढून टाकलं आणि जावेपुढं केला.

"घ्या जाऊबाई," ती म्हणाली. "सवच्छ हाय."