अण्णांची शिकवणी

डोंगरउतारावरच्या इमारतीचा तिसरा मजला चढत होता. इंजिनियर परेरांनी कुंदाला विचारलं, "ही फोर्कलिफ्टच ठेवू, की टेलिहँडलर मागवू? चालवायचं तुम्हालाच आहे."

कुंदाची फोर्कलिफ्ट दगडधोंड्यांतूनही बिनदिक्कत जायची, पण माल फक्त सरळ वर उचलायची. पायाच्या खड्ड्यामुळे ती भिंतीला भिडू शकत नव्हती. टेलिहँडलरचा लांब हात खड्ड्यापलीकडून थेट स्लॅबवर विटा ठेवणार होता. तोवर बायका बांबूच्या परांचीवरून विटा वर नेत होत्या, आणि परवाच त्यांतली एक बाई पडून दगावली होती.

"टेलिहँडलर मागवा," कुंदा म्हणाली.

"मग शिकायला कसब-केंद्रात जावं लागेल," परेरा म्हणाले. "तिथं मेंदूत नवं कसब भरताना जुनं पुसतात. त्याला चिकटलेल्या आठवणीही जातात."

"ठाऊक आहे मला."

फोर्कलिफ्ट तिला अण्णांनी, तिच्या वडिलांनी शिकवली होती. अण्णा आता नव्हते.

केंद्रातून परतल्यावर सोमवारपासून कुंदा नवं यंत्र सराईतासारखं चालवू लागली. परांचीवर विटा घेऊन कुणालाच चढावं लागेना. एका दुपारी धाकटा भाऊ सुहास डबा घेऊन आला.

"अण्णा खूश झाले असते, ताई. फोर्कलिफ्ट शिकवताना किती ओरडायचे तुला."

कुंदानं खूप आठवून पाहिलं. "मला अण्णांनी शिकवलं? काय म्हणून ओरडायचे रे?"

सुहासचा चेहरा उतरला. "मी कुठं होतो तिथं? जे थोडंफार ठाऊक आहे, ते तूच सांगितलेलं."