कागदावर नसलेली माफी

गाडी चालवताना मल्हारने क्षणभर फोनकडे पाहिलं आणि हायडेलबर्गच्या पुलावर एक सायकलस्वार प्राणाला मुकला. शिक्षा झाली दोन वर्षं एक महिना. दोन वर्षांच्या आत असती, तर बेवेरुंग मिळून, म्हणजे शिक्षा स्थगित होऊन, तुरुंग टळू शकला असता. त्या एका महिन्यासाठी बायकोने, देवश्रीने, हट्टाने अपील करायला लावलं.

खटल्यातही ती कळवळून म्हणाली होती, "अरे, तू त्या सायकलस्वाराच्या घरी जाऊन माफी मागितलीस, तेवढं तरी कोर्टात सांग ना!"

"शिक्षा कमी व्हावी म्हणून नाही मागितली गं. तिथे सांगितली, की तिचा सौदा होईल."

आज वरच्या कोर्टाचं पाकीट आलं. ते कोर्टी जर्मन देवश्रीला झेपेना. दर रविवारी चहाला येणाऱ्या वृद्ध फ्राऊ लिंडनरनी चष्मा लावला आणि कोर्टाचं म्हणणं सोपं करून वाचून दाखवू लागल्या. "शिक्षा किती द्यायची, हे खालचे न्यायाधीश ठरवतात. त्यांची कायद्यात चूक झाली असेल, तरच आम्ही हात घालतो. आरोपीला पश्चात्ताप झाल्याचं निकालपत्रात कुठेही नाही, आणि निकालपत्राबाहेरचं आम्ही पाहत नाही. अपील फेटाळलं."

"म्हणजे आता त्याला जावंच लागणार?" देवश्रीने विचारलं.

"पण मी पाहिलाय त्याचा पश्चात्ताप," फ्राऊ लिंडनर कागदाकडे बघत म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."



त्या पत्रातली एकच गोष्ट त्यांनी मोठ्याने वाचली नव्हती. मृत सायकलस्वाराचं नाव, टोबियास लिंडनर.